संरक्षित वास्तूंच्या जिल्ह्यात उत्तर देणारा एक माणूस तरी बसवा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याचं नाव पेपरात मोठ्या अक्षरात येतं ते १२ जानेवारीला सिंदखेडराजाच्या जिजाऊ जन्मोत्सवाला, नाहीतर लोणारच्या सरोवराचं काही झालं की. बाकी दिवस या जिल्ह्यात केंद्राच्या पुरातत्व खात्याची आणि राज्याच्या पुरातत्व संचालनालयाची मिळून कुठकुठली संरक्षित स्मारकं आहेत, कुठल्या गावात आहेत, आणि मेन म्हणजे त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचं काय चाललंय हे कुणी विचारत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण मधला घरकुलाचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी सांगतो. लोणारचं दैत्यसूदन आणि विवराच्या आजूबाजूची मंदिरं सगळ्यांना माहीत आहेत. पण सातगाव भुसारीचं विष्णू मंदिर, साकेगावचं जुनं मंदिर, कोथळीची मंदिरं, धोत्रा नंदईचं मंदिर, रोहिणखेडची मशीद, मेहकरची जुनी धर्मशाळा, ही नावं जिल्ह्यातल्या जिल्ह्यात सुद्धा कितीजणांना ठाऊक असतील देव जाणे. साखरखेर्ड्याची मशीद घ्या. १७२४ साली इथे निजामाने मुबारिजखानाला हरवलं, त्यानंतर गावाला फत्तेखेर्डा म्हणायला लागले आणि जुन्या सरकारी कागदात मशिदीची नोंद त्याच नावाने सापडते, पण गावात कुणाला फत्तेखेर्डा विचाराल तर तो बघतच राहील. म्हणजे लांबून कुणी यादी घेऊन बघायला आलाच तरी तो पोचणार कसा?

या सगळ्या वास्तू एकट्या माळावर उभ्या नाहीत हे मुंबई पुण्याच्या लोकांनी लक्षात घ्यावं. बऱ्याच ठिकाणी मंदिर गावठाणात आहे, मंदिराच्या भिंतीपासून वीस पावलांवर कुणाचा तरी गोठा आहे, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी, समोर पाराजवळ हातपंप. दैत्यसूदन सुद्धा लोणार गावातच आहे, चहूबाजूंनी घरं. आत गेलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही इतका अंधार, मग कुणीतरी मोबाईलचा टॉर्च छताकडे धरतं आणि लवणासुराच्या वधाची शिल्पं, नरसिंह, एकेक दिसायला लागतं, इतकं बारीक काम की मान दुखली तरी खाली बघवत नाही. बाहेरून मंदिराचा आराखडा चांदणीसारखा कोनाकोनांचा, वर शिखराच्या जागी विटांचं काम उरलंय. मे महिन्यात किरणोत्सवाला गाभाऱ्यापर्यंत ऊन पोचतं तेव्हा गर्दी होते. अशी वास्तू आपल्या गावात आहे याचा अभिमान आमच्याकडच्या माणसाला शिकवावा लागत नाही, तो आहेच. पण त्या अभिमानाच्या बदल्यात त्याला मिळतं काय, तर एक निळा बोर्ड.

तो बोर्ड तुम्ही पाहिला असेल. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, नासधूस केली तर शिक्षा, आणि शंभर मीटरच्या आत बांधकाम करायला बंदी. १९५८ चा कायदा आहे, त्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढली, आधी तीन महिने कैद किंवा पाच हजार दंड होता तो आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते योग्यच आहे, स्मारक फोडणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे, माझा त्याला काडीचा विरोध नाही. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र, त्याच्या पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. पहिल्या शंभरात नवीन बांधकाम नाहीच, जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी परवानगी, पुढच्या दोनशेत काहीही बांधायचं तर परवानगी. आता आमच्या खेड्यांचं गावठाण केवढं असतं? मंदिर मधोमध असेल तर तीनशे मीटरमध्ये जवळपास अख्खं गाव येतं, शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना सगळं. ताजमहालाला जो आकडा तोच आमच्या दहा खांबांच्या मंदिराला.

आता घरकुलाचं सांगतो. माझ्या गावाचं नाव लिहीत नाही कारण त्या कुटुंबाला उगाच त्रास व्हायला नको. मंदिराच्या मागच्या गल्लीत एका म्हाताऱ्या बाईंचं धाब्याचं घर होतं, पांढऱ्या मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि माती. पावसाळ्यात मागची भिंत बसली. त्यांना प्रधानमंत्री आवास योजनेत घरकुल मंजूर झालं, एक लाख वीस हजार, गावात पेढे वाटले त्यांनी. पाया खोदायला घेतला तेवढ्यात कुणीतरी तक्रार केली की हे शंभर मीटरच्या आत येतं, काम थांबलं. मग ग्रामसेवक म्हणतो पंचायत समितीला विचारा, पंचायत समितीत म्हणतात पुरातत्वची एनओसी आणा, पुरातत्वचं ऑफिस कुठे तर नागपूरला, तिथे फोन लावला तर म्हणे ऑनलाईन अर्ज करा, ऑनलाईन अर्जाला मागतात सिटी सर्व्हेचा उतारा, नकाशा, स्मारकापासूनचं अंतर. त्या बाईंकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे आणि नवऱ्याच्या नावाची घरपट्टीची पावती आहे, बाकी काही नाही. अंतर कुणी मोजायचं? मंदिराच्या भिंतीपासून मोजायचं की संरक्षित हद्दीपासून, आणि ती हद्द कुठाय, जमिनीवर तर खुणेचा एक दगड नाही. मी स्वतः त्यांच्याबरोबर एका ऑफिसात गेलो होतो, तिथले साहेब वाईट बोलले नाहीत पण म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. त्या म्हणाल्या, "साहेब, देऊळ माह्या आजीच्याबी आधीचं हाये, मान्य हाये, पन माहं घरबी इथंच होतं ना, मी का आज आली का?" याला त्या साहेबांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. ताडपत्री टाकून त्या अजून तिथेच राहतात.

मला राग आला तो कायद्याचा नाही, कायदा वाचला तर त्यात रस्ता दिलेला आहे. सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे परवानगी द्यायला नेमलेल्या अधिकाऱ्याने, अर्ज पंधरा दिवसात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यात कळवायचं, मग महिन्याभरात परवानगी किंवा नकार, असं कायद्यातच लिहिलंय. म्हणजे चार महिन्यात हो किंवा नाही कळायला पाहिजे. घर पूर्ण पडलं असेल तर कदाचित नाहीच म्हणतील, पण मग तसं लेखी द्या ना, म्हणजे त्या बाईंना गावठाणात दुसरीकडे जागा द्या म्हणून ग्रामपंचायतीला ठराव करता येईल. इथे होही नाही आणि नाहीही नाही. अर्ज करायचा कसा हे सांगणारा माणूस जिल्ह्यात नाही, सगळं दुखणं तिथे आहे.

आणि असं झालं की गावात काय होतं ते ऐका. लोक म्हणायला लागतात की हे देऊळ आपल्या गावात नसतं तर बरं झालं असतं. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय, तरण्या पोरांच्या तोंडून, जे नवरात्रात त्याच देवळात रात्र रात्र जागतात. संपादक साहेब, सातआठशे वर्षं ज्या लोकांनी हे देऊळ सांभाळलं त्यांच्या तोंडी असं वाक्य यावं याच्यापेक्षा मोठं नुकसान कुठलं? दगड पडला तर परत बसवता येतो.

दुसऱ्या बाजूने बघा, जिथे खरंच अडवायला पाहिजे तिथे अडवणारं कुणी नसतं. देवळावरचं प्रेम आहे म्हणून लोक वर्गणी काढून जीर्णोद्धार करतात, म्हणजे काय तर काळ्या दगडाच्या खांबांना ऑइलपेंट, गाभाऱ्यात पांढऱ्या टाईल्स, ओट्याला सिमेंट, समोर पत्र्याचा मंडप आणि मंडपासाठी खांबात ठोकलेले खिळे. एका ठिकाणी मी कीर्तिमुखाच्या डोळ्यात चांदीचा रंग भरलेला पाहिलाय, दातांना पांढरा. भक्तीनेच केलंय ते, वाईट हेतू कुणाचाच नाही. पण ऑइलपेंटने दगडाचा श्वास बंद होतो, ओल आतच राहते आणि वरचा पापुद्रा सुटायला लागतो, त्यात नक्षी जाते. विटांच्या आणि चुन्याच्या बांधकामात सिमेंट भरलं तर सिमेंट टिकतं आणि आजूबाजूचा जुना माल झिजतो. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालून मळायची जुनी रीत पुरातत्ववाले अजून वापरतात, तसं काम करणारे हात आपल्याकडे थोडेच उरलेत. हे सगळं गावच्या देवस्थान कमिटीला समजावून सांगितलं तर समजतं हो, आमच्याकडची माणसं हट्टी नाहीत. पण सांगायला येतंय कोण? चौकीदार असला तर असतो, त्याच्याकडे दोन तीन गावांचा चार्ज, तो झाडून जातो, कुलूप बघतो, त्याच्या हातात दुसरं काही नाही.

हे फक्त आमचं रडगाणं नाही. संसदेच्या समितीने २०२२ साली रिपोर्ट दिला त्यात लिहिलंय की देशभरातल्या स्मारकांना सात हजार सुरक्षा कर्मचारी लागतात, दिले गेले २५७८, आणि तेही फक्त २४८ ठिकाणी. केंद्राची संरक्षित स्मारकं देशात ३६०० च्या वर आहेत. त्याच रिपोर्टात काही स्मारकं सापडतच नाहीत असंही आहे, म्हणजे कागदावर संरक्षित आणि जागेवर गायब. साताऱ्याचं, नाशिकचं, कोल्हापूरचं नाव तरी मोठं आहे, आमच्या कोथळी धोत्र्याकडे कोण बघणार.

सिंदखेडराजाचं वेगळं लिहायला पाहिजे कारण तिथे कारभार दोन खात्यांचा. लखुजीराजांची समाधी केंद्राच्या पुरातत्व खात्याकडे, राजवाडा राज्याच्या खात्याकडे, आणि गावातले रस्ते नाल्या लाईट नगरपरिषदेकडे. १६२९ मध्ये देवगिरीला निजामशाही दरबारात लखुजीराजे आणि त्यांच्या मुलांचा घात झाला, त्यांची ही समाधी केवढी प्रचंड आहे ते समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. २०२४ मध्ये याच समाधीच्या दुरुस्तीचं काम चालू असताना आवारात जुन्या मंदिराचा पाया लागला, आणि जूनमध्ये खोदता खोदता शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, जवळपास पावणेदोन मीटर लांब, मीटरभर उंच, विष्णू शेषावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चेपतेय, खालच्या पट्टीत समुद्रमंथन. काय आनंद झाला होता त्या आठवड्यात! आजूबाजूच्या गावांतून लोक गाड्या करून बघायला आले, बायका हळदकुंकू घेऊन आल्या. आणि लगेच दुसरा प्रश्न, मूर्ती इथेच राहणार की बाहेर नेणार.

तो प्रश्न उगाच आला नाही, आमच्याकडे त्याला इतिहास आहे. १८८८ साली मेहकरात जमिनीतून शारंगधर बालाजीची मूर्ती निघाली, अकरा फुटी, काळ्या पाषाणाची. इंग्रज सरकार ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागल्यावर गावकऱ्यांनी घाईघाईत प्रतिष्ठापना करून टाकली, अशी गोष्ट मेहकरात आजही घरोघरी सांगतात, आणि मूर्ती आज मेहकरातच आहे, लाखो लोक दर्शन घेतात. तेव्हाचं सरकार परकं होतं. आताचं आपलं आहे, तर आता लोकांना भीती का वाटावी? सापडलेली वस्तू कुठे ठेवणार, का ठेवणार, तिला ऊन पाऊस चोरी यापासून जपायला काय लागतं, गावातच छोटं संग्रहालय होऊ शकतं का, हे चावडीवर येऊन पंधरा मिनिटं कुणी बोललं असतं तर अफवा उठल्याच नसत्या. धाराशिव जिल्ह्यात तेरसारख्या गावात सरकारी संग्रहालय चालतं, गावात सापडलेल्या वस्तू गावातच बघायला मिळतात, मग सिंदखेडराजाला का नको? आता तर समृद्धी महामार्गाचे इंटरचेंज मेहकरला पण आहेत आणि सिंदखेडराजाला पण, नागपूरहून निघालेला माणूस काही तासात येतो. पण तो उतरला तर त्याला सगळं दाखवणार कोण? राजवाडा बघून तो परत गाडीत बसतो. मोती तलावाची ती घडीव दगडांची भिंत, पुतळा बारवेतली शिल्पं, रंगमहाल, काळा कोट हे बघायला कुणी जातच नाही.

पुतळा बारव मुद्दाम बघा. पायऱ्या उतरताना कोनाड्याकोनाड्यात मूर्ती, काहींचे चेहरे गेलेत पण हातातली वाद्यं, केसांचे अंबाडे अजून कळतात. मी गेलो तेव्हा पाण्यात प्लास्टिकच्या बाटल्या होत्या आणि दोन शाळकरी पोरं काठीने त्या काढत होती, कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

इंग्लंडचं उदाहरण देतो, माझा भाचा तिकडे खेड्यातच राहतो म्हणून थोडं माहीत आहे. तिथल्या सरकारी वारसा यादीत चार लाखांच्या घरात नोंदी आहेत, आणि त्यातली बहुतेक काही राजवाडे नाहीत, साधी घरं, शेतावरची कोठारं, पूल, खानावळी. लोक त्यात राहतात, धंदा करतात. काय महत्त्वाचं त्याप्रमाणे ग्रेड ठरलेल्या आहेत. घरात बदल करायचा तर परवानगी लागतेच, तिथेही लोक कटकट म्हणतात, पण ती परवानगी मागायची असते आपल्याच भागातल्या कौन्सिलकडे. तिथे जुन्या इमारती समजणारा अधिकारी असतो, तो येऊन घर बघतो आणि सांगतो हे चालेल, हे चालणार नाही. दिल्लीला, म्हणजे लंडनला फाईल जात नाही प्रत्येक खिडकीसाठी. आपल्याकडे मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे नियम आहेत, ग्रेड आहेत, कमिटी आहे. खेड्यातल्या वास्तूला काय आहे? एकतर केंद्राचं नाहीतर राज्याचं संरक्षित स्मारक, नाहीतर काहीच नाही, मधलं काही नाहीच.

त्या मधल्या वास्तू म्हणजे आमचे वाडे. देशमुखांचे, पाटलांचे, देशपांड्यांचे, चौसोपी, सागवानी खांबांचे, माडीवर कोरीव तीर. कुठल्याच यादीत नाहीत. वारस पुण्याला नाहीतर अमेरिकेत, भाऊबंदकीत वाटण्या अडकलेल्या, छत गळतंय. मग एक दिवस शहरातून जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, दरवाजे, खांब, तुळया टेम्पोत भरून नेतो, ते कुठल्या तरी हॉटेलात नाहीतर फार्महाऊसवर लागतात. विकणाऱ्याला मी दोष देणार नाही, त्याला दुरुस्तीला कुणी दमडी देत नाही. पण लोकांना हेही माहीत नाही की शंभर वर्षांपेक्षा जुन्या इमारतीतून काढलेली वस्तू १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर विकता येत नाही. निदान जिल्ह्यात असे वाडे, बारवा, गढ्या, वेशी किती उरल्यात याची एक नोंद तरी करा, फोटोसकट. कॉलेजच्या पोरांना एनएसएसमध्ये हे काम दिलं तर एका उन्हाळ्यात होईल.

माझी मागणी फार मोठी नाही. आठवड्यातून एक दिवस तरी जिल्हाधिकारी कार्यालयात पुरातत्वचा अधिकार असलेला माणूस बसावा, केंद्राचा असो की राज्याचा, दोघांची कामं त्याने घ्यावीत, अर्ज भरून द्यावेत, पोच द्यावी. स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देतायत ना, मग त्याच नकाशावर संरक्षित हद्द, शंभर मीटर आणि तीनशे मीटरच्या रेषा काढून ग्रामपंचायतीत लावा, म्हणजे पाया खोदायच्या आधीच माणसाला कळेल. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे उपनियम करायची तरतूद २०१० च्या दुरुस्तीतच आहे, ते आमच्या छोट्या मंदिरांसाठी मराठीत करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. शंभर मीटरच्या आत ज्यांचं घर पडलंय त्यांना घरकुलासाठी गावात दुसरी जागा मिळावी, हे तर महसूल खातं आज करू शकतं, त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या संरक्षित स्मारकांची तालुकावार यादी छापा, आताच्या चालू गावांच्या नावाने, आणि पुढे लिहा कुठलं केंद्राचं कुठलं राज्याचं. आम्ही काही गावचे लोक येत्या ग्रामसभेत वरच्या मागण्यांचा ठराव मांडणार आहोत, त्याचा कच्चा मसुदा पत्रासोबत जोडलाय. जागा असेल तर तोही छापा, म्हणजे सातगाव, रोहिणखेड, साखरखेर्डा इकडच्या लोकांना फक्त गावाचं नाव बदलून तोच वापरता येईल.

आपला,
एक नियमित वाचक
जि. बुलढाणा